निशांतचं पोट

मालतीबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली, आतल्या आवाजाकडे कान दिला आणि हसून म्हणाल्या, "गोड बातमी आहे म्हणायची! कितवा महिना सूनबाईंना?"

सुनीतीबाईंना आधी प्रश्नच कळला नाही. त्यांचा सगळा जीव बाथरूमच्या दारात अडकला होता. दारामागे पाणी धो धो पडत होतं, आणि त्या आवाजाखालून मघापासून उलट्यांचे उमासे येत होते. त्यांचा मुलगा निशांत उठल्यापासून आत होता. या वर्षातली ही कितवी खेप, हे त्यांनी मोजणं सोडून दिलं होतं. पाहुण्यांना त्यांनी सांगितलं होतं, "जरा बाहेर गेलाय, येईलच," आणि पाहुण्यांनी ते दोनदा ऐकूनही घेतलं होतं.

आज मुलीच्या, सईच्या साखरपुड्याची तारीख ठरायची होती. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. निखिलला वडील नव्हते, म्हणून तो आणि त्याची आई मालतीबाई दोघंच ठाण्याहून नेरूळला आले होते. एवढ्या चांगल्या स्थळासमोर, घरचा थोरला मुलगा सकाळपासून ओकतोय आणि का ते एकाही डॉक्टरला सांगता येत नाही, हे कसं सांगायचं?

"हो," सुनीतीबाई म्हणाल्या. "म्हणजे... तिसरा लागलाय."

कोपऱ्यातल्या दिवाणावर बसलेल्या दुर्गाआत्यांनी, म्हणजे सुनीतीबाईंच्या नवऱ्याच्या, दिनानाथांच्या थोरल्या बहिणीने, तोंड उघडलं आणि मिटलं. सईने आईकडे असं पाहिलं, की सुनीतीबाईंनी नजर पोह्यांकडे वळवली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून निशांतची बायको क्षिप्रा आली. गीझरचं पाणी संपलं होतं, म्हणून ती गॅसवर तापवलेलं पातेलं फडक्याने धरून चालली होती. "बाजूला व्हा, भाजेल," ती म्हणाली.

"अगं, या दिवसांत एवढं जड उचलतात का?" मालतीबाई उठल्याच.

"कुठल्या दिवसांत?"

आणि बाथरूममधून पुन्हा तोच आवाज आला. पुरुषाचा, पोटाच्या तळातून ओढून आणलेला. मालतीबाईंनी क्षिप्राकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग सुनीतीबाईंकडे. पातेल्यातून वाफ येत होती. लग्नाला चार वर्षं झालेली क्षिप्रा पातेलं धरूनच उभी राहिली. आपल्याबद्दल काय बोललं गेलं असेल, ते तिला उमगलं असावं, कारण तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही यांना काय सांगितलंत?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही. आत काहीतरी धप्पकन पडलं.

---

दिनानाथ आधी दारावर थापा मारत राहिले, मग खांदा लावला. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या खांद्याला दार दाद देईना. मागून निखिल आला, "काका, सरका जरा," म्हणाला, आणि दुसऱ्या धक्क्याला कडी निखळली.

आत वाफेने काही दिसत नव्हतं. निशांत फरशीवर भिंतीला टेकून बसला होता, डोक्यावर नळ सुरूच. पाणी आता कोमट झालं होतं, पण आधीचं किती कढत असेल ते त्याच्या पाठीवर दिसत होतं. मानेखालची कातडी टोमॅटोसारखी झाली होती आणि खांद्यावर टरारून फोड आला होता. दिनानाथांनी नळाकडे हात नेला.

"बंद करू नका," निशांत पुटपुटला. "बाबा, प्लीज. बंद केलं की परत सुरू होतं."

तळोज्याच्या केमिकल कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून दिनानाथांनी भाजलेली माणसं पाहिली होती. ती पाण्यासाठी ओरडत, पण गार पाण्यासाठी. स्वतःला भाजून घेऊन बरं वाटणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि तो त्यांचा स्वतःचा मुलगा होता.

या आजाराचा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला होता. इतकी वर्षं कपड्यांवरून, बुटांवरून आपण घरात काय काय आणलं असेल, याचा विचार करून ते कारखान्यातच आंघोळ करून घरी येऊ लागले होते. सोसायटीची टाकी त्यांनी भांडून साफ करून घेतली होती. सुनीतीबाईंचा संशय न्हावा शेवाच्या वाटेवरच्या ढाब्यांवर होता. निशांत तिथे कस्टममधून कंटेनर सोडवणाऱ्या एजंटकडे कामाला होता आणि दुपारचं बाहेरच खायचा. दुर्गाआत्यांचं म्हणणं तिसरंच होतं. दुर्बीण घालून झाली, बेरियम झालं, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी "टेन्शन" म्हणून गोळ्या दिल्या होत्या.

निखिलने त्याला चादरीत गुंडाळून उचललं. आपल्या फियाटच्या मागच्या सीटवर त्यानेच त्याला ठेवलं. दिनानाथ पुढे बसले, क्षिप्रा आणि सुनीतीबाई मागे. निघताना दिनानाथांनी वर पाहिलं. गॅलरीत सई आणि मालतीबाई एकमेकींपासून लांब उभ्या होत्या.

वाशीच्या हॉस्पिटलमध्ये डॉ. रणदिवे नावाच्या बाई ड्यूटीवर होत्या. त्यांनी सलाईन लावलं, पाठीला मलम लावायला सांगितलं आणि जुने रिपोर्ट चाळले. मग विचारलं, "दारू?"

"छे," दिनानाथ म्हणाले.

"सिगारेट, तंबाखू? आणखी कसलं व्यसन?"

"नाही हो डॉक्टर. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. हा आमच्या घरातला सगळ्यात..."

"गांजा ओढतो," क्षिप्रा म्हणाली.

दिनानाथांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"रोज," ती पुढे म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आधी संध्याकाळी ओढायचा. आता सकाळी उठल्यावर पण. आमचं लग्न झालं तेव्हापासून मी बघतेय. त्याच्या आधीचं मला माहीत नाही."

खाटेवर निशांतने डोळे मिटून घेतले. तेवढ्यावरून दिनानाथांना कळलं की हे खरं आहे.

डॉ. रणदिव्यांनी पेन खाली ठेवलं. "हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं?"

"त्याने शपथ घातली होती. डॉक्टर, त्यानेच उलट्या होत असतील का?"

बाईंनी रिपोर्ट मिटून ठेवले. "खरं सांगू? आम्ही उलटंच शिकलोय. गांजाने मळमळ कमी होते. बाहेरच्या देशांत कॅन्सरच्या पेशंटना उलट्या थांबाव्यात म्हणून त्याच्यापासून केलेली गोळी देतात. त्याने उलट्या होतात असं मी कुठे वाचलेलं नाही."

निशांतने डोळे उघडले. ओठ सुकून फुटले होते, तरी तो हसला. "ऐकलंस?" तो क्षिप्राला म्हणाला. "मी काय सांगत होतो? तेवढ्यानेच तर पोट जागेवर राहतं."

"गांजा चांगला आहे असं मी म्हटलं नाही," डॉक्टर जरा कडकपणे म्हणाल्या. "तुमच्या छातीत घरघर आहे. नाडी पळतेय. इतकी वर्षं रोज ओढणाऱ्याची आठवण बोथट होते, लक्ष लागत नाही, आणि काही जणांचं डोकं पार फिरतं, तेही मी पाहिलंय. सोडायला तर हवाच. पण उलट्यांचं कारण म्हणून मी ते लिहू शकत नाही. कारण मला माहीत नाही."

---

बाहेरच्या पॅसेजमध्ये सुनीतीबाईंनी सुनेला गाठलं.

"चार वर्षं तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या, "आणि तू मला मुगाची खिचडी करायला लावलीस?"

"आई, मला वाटायचं..."

"मी नवस बोलले. दुर्गाताईंच्या सांगण्यावरून गावी कौल लावायला माणूस पाठवला. हे रात्रंदिवस स्वतःला दोष देत बसले. आणि तुला ठाऊक होतं!"

"उलट्या त्याने होतात हे कुठे ठाऊक होतं?"

"त्याने होतच नाहीत! डॉक्टर काय म्हणाल्या? मग कशाला बोललीस चारचौघांत? निखिल तिथं उभा होता. सईचं काय होईल आता?"

क्षिप्राने तोंड उघडलं. सकाळच्या तिसऱ्या महिन्याबद्दल ती विचारणार होती. पण तिला एकदम थकवा आला. ती जिना उतरून कँटीनकडे गेली.

तिने का सांगितलं नव्हतं, हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत निशांत ओढून आला की हसरा असायचा, तिच्या केसांत गजरा माळायचा, भूक भूक करायचा. तेव्हा त्यात वाईट काय, असं तिला वाटलं होतं. मग तो तेच तेच दोनदा सांगू लागला. लाल झालेल्या डोळ्यांत थेंब घालून कामाला जाऊ लागला. एकदा एकाचे कागद दुसऱ्याच्या कंटेनरला लावून आला आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. पगार झाला की हायवेने स्कूटरवर येताना तो नेहमी फुलं आणायचा, पण एकदा नेरूळचं वळण सोडून थेट सानपाड्यापर्यंत गेला आणि परत येऊन तिलाच म्हणाला, "मी कुठे चाललो होतो, तेच कळेना यार." त्या दिवशी ती घाबरली होती. त्यानंतर उलट्या सुरू झाल्या आणि बाकीचं सगळं मागे पडलं.

दिनानाथ तिच्यासमोर येऊन बसले. त्यांनी दोन चहा आणले होते.

"तुला वाटतं की त्यानेच होतं," ते म्हणाले.

"बाबा, मला काहीच कळत नाही. पण मी बघितलंय ते सांगू? गेल्या दिवाळीत जमिनीच्या कामासाठी तो गावी महिनाभर राहिला. तिथे सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, ओढायला सोय नाही. महिनाभर एक उलटी नाही. सोलकढी, मासे, सगळं खात होता. आपण म्हटलं, गावची हवा. हॉस्पिटलमध्ये ठेवलं की दोन-तीन दिवसांत बरा होतो. आपण म्हणतो, सलाईनचा गुण. पण इथेही त्याला ओढता येत नाही ना?"

दिनानाथांनी चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती.

"आमच्याकडे बॅच बिघडली की एकेक वस्तू बंद करून बघतात," ते म्हणाले. "हवा बदलून झाली, पाणी बदलून झालं, जेवण बदललं. हे एक राहिलंय."

"पण डॉक्टर म्हणतात, हे तर औषध."

"तेच मला कळत नाही. त्या शिकलेल्या आहेत, खोटं कशाला सांगतील? कदाचित आपलंच चुकत असेल." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पण हे मी सुनीतीला आत्ता सांगू शकणार नाही. तू समजून घे."

क्षिप्राने मान हलवली. सासरा आपल्या बाजूने आहे की नाही, हे त्या वाक्यावरून तिला कळलं नाही.

---

निशांतला दुसऱ्या दिवशी भूक लागली. ही गोष्ट त्याला दरवेळी चमत्कारासारखी वाटायची. काल जगणं नको झालेलं असायचं, आणि आज बिस्किटाचा वास गोड लागायचा. पण अंगाला घाम सुटत होता, झोप येत नव्हती, आणि कुणी मोठ्याने बोललं तरी डोक्यात तिडीक जात होती.

दुर्गाआत्या विभूती घेऊन आल्या. त्याच्या कपाळाला बोट लावत म्हणाल्या, "पोराक कोनाची तरी नजर लागली हा. माझा आयका, कौल लावूक व्हयो परत. डॉक्टराक काय कळता?"

"डॉक्टरीणबाई पण तेच म्हणाल्या, आत्या," निशांत म्हणाला. "की कळत नाही."

आत्यांच्या मागून सई आली. ती खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

"बोलणी झाली का गं?" निशांतने विचारलं. "तारीख कुठली धरली?"

"दादा, तू मला हे आज तिसऱ्यांदा विचारतोयस."

त्याला आठवेना. आधी विचारलं होतं म्हणजे उत्तरही मिळालं असणार. ते काय होतं? तो ते तिच्या चेहऱ्यावर शोधू लागला.

"साखरपुडा लांबणीवर पडलाय," सई एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "गांजामुळे नाही. निखिलच्या आई म्हणाल्या, आजार कुणाच्याही घरी असतो. पण आई त्यांच्या तोंडावर खोटं बोलली. वहिनीला दिवस गेलेत म्हणून. त्या म्हणाल्या, इथे आणखी काय काय खोटं आहे ते मला बघू दे."

"आई असं बोलली?"

"तुला झाकायला बोलली. आपण सगळेच तुला झाकतोय, दादा. बाबा झाकतात, वहिनी झाकत होती. मला कंटाळा आलाय."

ती गेल्यावर त्याला बंदराचं यार्ड आठवलं. यार्डात जहाजाची वाट बघत तासन्‌तास काढावे लागत, तेव्हा ट्रेलरच्या ड्रायव्हरांबरोबर टपरीमागे त्याने पहिल्यांदा गांजाची चिलीम ओढली होती. वेळ हलका व्हायचा, एवढंच. ती त्याला कधी व्यसन वाटली नाही. दारू प्यायलेली माणसं गटारात पडतात, आपण तर वेळेवर घरी येतो. आणि पोट बिघडल्यापासून तर ती औषधच झाली होती. हे औषध आहे असं आता डॉक्टरांनीही सांगितलं. मग सगळे आपल्याकडे असं का बघतायत?

संध्याकाळी क्षिप्रा आली, तेव्हा त्याने तोच प्रश्न तिला विचारला.

"मला वाद घालायचा नाही," ती म्हणाली. "महिनाभर ओढू नकोस. त्यात एकदा जरी पोट बिघडलं, तर मी सगळ्यांसमोर म्हणेन की मी चुकले. आईंच्या पाया पडेन."

"आणि नाही बिघडलं तर?"

"तर मग तू मला सांग."

त्याने कबूल केलं. मुख्य म्हणजे तिला खोटं पाडायला.

---

महिना गेला. निशांतचे गाल भरून आले. पहिले काही दिवस तो घरभर येरझाऱ्या घालायचा, ताट आपटायचा, पहाटेपर्यंत तळमळायचा. मग तेही ओसरलं. उलटी एकदाही झाली नाही. सुनीतीबाईंनी शेजारच्या गिरजाबाईंना सांगितलं, "या वेळचं सलाईन लागू पडलं हो," आणि देवीची ओटी भरली.

क्षिप्रा वाट पाहत होती. निशांत काही बोलला नाही. आणखी काही आठवडे गेले, आणि एका रविवारी, सगळे जेवत असताना, तोच म्हणाला, "एक सांगायचंय. मी परत ओढायला लागलोय. झाले पंधरा-वीस दिवस. आणि बघा, ठणठणीत आहे."

सई पाणी पीत होती, तिला ठसका लागला. दिनानाथांचा घास हातातच राहिला. ही शक्यता त्यांनी हिशेबात धरली नव्हती. वस्तू बंद केली, त्रास थांबला. वस्तू परत सुरू केली, त्रास नाही. मग काय समजायचं?

"बघितलंस?" सुनीतीबाई क्षिप्राला म्हणाल्या. "माझ्या मुलाला उगाच बदनाम केलंस."

"आई, तो परत ओढतोय म्हणतोय! त्याचं तुम्हाला काहीच नाही?"

"सोडेल हळूहळू. पुरुषांना असतात सवयी. निदान पोट तरी बरं आहे."

क्षिप्राने दिनानाथांकडे पाहिलं. ते भाताकडे बघत होते. "मला... जरा विचार करू दे," ते म्हणाले.

ती उठली. त्याच दुपारी ती नवीन पनवेलला माहेरी गेली. जाताना रडली नाही, भांडली नाही. निशांत दारापर्यंत आला. "मी तुला खोटं नाही पाडलं," तो म्हणाला. "जे झालं ते सांगितलं."

"हो," ती म्हणाली. "मीच चुकले असेन. मला खरंच कळत नाही, निशांत. पण तुझ्याजवळ बसून हे न कळणं मला आता झेपत नाही."

घर शांत झालं. सुनीतीबाईंना ती शांतता बरी वाटली, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. सई मात्र आईशी कामापुरतं बोलू लागली. दिनानाथ जेवून उठले की खाडीच्या बाजूला लांब फिरायला जात आणि परत आल्यावर कुठे गेलो होतो ते सांगत नसत.

---

पावसाळा संपता संपता एका दुपारी निशांत कामावरून लवकर परत आला. चेहरा मेणासारखा. तो आत गेला, गीझर लावला. सुनीतीबाई गहू निवडत होत्या. तो आवाज सुरू झाला आणि त्यांच्या हातातलं सूप कलंडलं.

या वेळी त्याने कडी लावली नव्हती. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. वाफ, आणि वाफेत गांजाचा गोडसर, उग्र वास. आता तो वास त्यांना ओळखता येत होता. तो कपड्यांसकट नळाखाली बसला होता.

"थांब, मी यांना फोन करते कारखान्यात. काय खाल्लंस दुपारी?"

"आई." त्याने मान वर केली. "आता पोट ढवळलं म्हणून मी आत येऊन ओढली. नेहमीसारखी. आणि ओढल्याबरोबर दुप्पट झालं. आई, हे त्यानेच होतंय."

"पण डॉक्टरबाई तर..."

"त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. एकदम होत नाही. ओढत राहिलं की कधीतरी होतं. सोडलं की थांबतं. मला मागेच कळलं होतं, महिना झाला तेव्हाच." तो ओकला. मग पुन्हा बोलू लागला, दम खात. "क्षिप्राचं बरोबर ठरेल म्हणून तिला सांगितलं नाही. म्हटलं, परत सुरू करून बघू, नाही झालं तर ती खोटी. आणि लगेच झालं नाही. किती खूश झालो मी."

सुनीतीबाईंना त्याच्या बोलण्यातलं अर्धंच समजत होतं. ओढली म्हणून होतं, पण लगेच होत नाही. औषध आहे, पण तेच बाधतं. त्यांच्या डोक्यात सगळं एकमेकांवर आपटत होतं. त्यांनी नेहमीचं वाक्य शोधलं, त्याच्या बाजूचं. "होईल रे बरं. टेन्शन असेल ऑफिसचं..."

"नको!" तो ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "आई, आता माझी बाजू घेऊ नकोस. तू घेतलीस की मी परत ओढतो. मला तुझं खरं वाटतं."

सुनीतीबाई कारखान्यात फोन करायला वळल्या.

हॉस्पिटलमध्ये डॉ. रणदिव्यांनी दिनानाथांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, काही टिपून घेतलं आणि म्हणाल्या, "योगायोगही असू शकतो. मी वरिष्ठांना विचारते. पण मी तुमच्या जागी असते तर पुन्हा हात लावला नसता." त्याहून जास्त त्यांना सांगता आलं नाही. त्या आजाराचं नाव त्या घराला कधीच कळलं नाही. पाच-सहा दिवसांनी निशांत घरी आला. येताना सईने त्याचा दंड धरला होता. त्याने पुन्हा गांजा ओढला नाही, पण हे पुढे काही वर्षांनी म्हणता आलं. त्या आठवड्यात कुणालाच त्याची खात्री नव्हती, त्याला स्वतःला तर नाहीच. मालतीबाईंकडे दिनानाथ एकटेच जाऊन सगळं सांगून आले, आणि त्या हिवाळ्यात सईचा साखरपुडा झाला.

पण त्याच्या आधी, निशांतला सलाईन लावलेलं असतानाच, सुनीतीबाई रिक्षा करून नवीन पनवेलला गेल्या. कुणाला न सांगता. क्षिप्रानेच दार उघडलं.

"तुला घरी चल म्हणायला आले नाही," सुनीतीबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "त्याला परत झालंय. तो म्हणतो, त्यानेच होतं. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, एवढं सांगायला आले. आणि त्या दिवशी मी मालतीबाईंना जे बोलले, ते... तुला किती लागलं असेल, ते मला तेव्हा सुचलंच नाही गं."

क्षिप्राने कडीवरचा हात काढला.

"कसा आहे आता?"

"बोलतोय. सलाईन चालू आहे. सोडतो म्हणाला." सुनीतीबाईंनी पदराने चेहरा पुसला. "ही चांगली बातमी आहे की वाईट, तेच मला कळत नाहीये. तू सांग."

"मलाही नाही कळत, आई." क्षिप्रा दारातून बाजूला झाली. "मी आज नाही येणार. उद्या येईन बहुतेक त्याला बघायला. राहायचं नंतर ठरवीन. पण तुम्ही जेवला नसाल."

"नाही जेवले."

"मग आत या."

सुनीतीबाईंनी चपला काढल्या.